तूट कोणाची आणि कात्री कोणावर? १९३१ च्या ब्रिटिश निवडणुकीतले युक्तिवाद

राजकीय युक्तिवाद तपासायचे कसे, हा आपला विषय. आज त्यासाठी एक प्रत्यक्ष झालेली निवडणूक घेऊ: ब्रिटनमधली, २७ ऑक्टोबर १९३१ ची. वादाचा मुद्दा होता सरकारची तूट आणि बेकारांना मिळणारा भत्ता. एवढं जुनं आणि परक्या देशातलं प्रकरण कशाला, असं कोणी विचारेल. आजच्या निवडणुकीतला युक्तिवाद समोर आला की आपण आधी तो कोणाचा आहे हे बघतो आणि मग तो बरोबर की चूक ते ठरवतो. १९३१ च्या ब्रिटनमधल्या कुठल्याच पक्षाशी आपलं देणंघेणं नाही. त्यामुळे इथे निदान ती सोय आपल्याला राहत नाही.

आधी घटनाक्रम. १९२९ च्या मध्याला मजूर पक्षाचं अल्पमतातलं सरकार आलं. रॅम्से मॅक्डोनल्ड पंतप्रधान, फिलिप स्नोडन अर्थमंत्री. काही महिन्यांत जागतिक मंदी आली. तेव्हा नोंदलेले बेकार साधारण ११-१२ लाख होते, ते १९३१ च्या उन्हाळ्यात २७ लाखांच्या वर गेले. सरकारी काटकसरीचे उपाय सुचवायला सर जॉर्ज मे यांची समिती नेमली होती. हे गृहस्थ विमा व्यवसायातले. ३१ जुलै १९३१ ला तिचा अहवाल आला: १२ कोटी पौंडांची तूट येणार आहे, सुमारे साडेनऊ कोटींची कपात करा. त्यातले ६ कोटी ६५ लाख एकट्या बेकारी विम्यातून काढायचे होते आणि भत्ता २० टक्क्यांनी कमी करायचा होता. समितीतल्या मजूर पक्षाच्या दोन सदस्यांनी वेगळं टिपण जोडलं, पण ते कोणी फारसं वाचलं नाही.

परदेशी ठेवीदार लंडनमधून पैसा काढू लागले, सोनं बाहेर जाऊ लागलं. भत्त्यात १० टक्के कपात करायची की नाही यावर मंत्रिमंडळ फुटलं. २४ ऑगस्टला सरकार गेलं आणि मॅक्डोनल्डच हुजूर आणि उदारमतवादी पक्षांच्या साथीने 'राष्ट्रीय सरकार'चे पंतप्रधान झाले. सप्टेंबरच्या अर्थसंकल्पात १० टक्के कपात आली. प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर उतरला. मग निवडणूक झाली. ६१५ पैकी ५५४ जागा राष्ट्रीय सरकारला मिळाल्या, मजूर पक्षाला ५२.

आम्ही अर्थशास्त्राचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. तेव्हा अमुक धोरण घ्यायला हवं होतं की तमुक, हा निवाडा बाजूला ठेवू आणि लोकांपुढे मांडलेले युक्तिवाद घेऊ.

पहिला प्रश्न व्याख्येचा. १२ कोटी हा आकडा आला कुठून? समितीने जुनं कर्ज फेडण्यासाठी बाजूला टाकायची सुमारे ५ कोटींची रक्कम खर्चात धरली होती. बेकारी निधीसाठी काढलेलं कर्जही चालू खर्चात धरलं होतं. आता पाहा, मंदीत जुनं कर्ज फेडण्याचा वेग कमी करायचा की नाही, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. पण एकदा ती रक्कम 'तूट' या शब्दाच्या पोटात गेली की निवड दिसेनाशी होते आणि उरतो फक्त हिशेब. केन्सने त्या वेळीच यावर बोट ठेवलं होतं आणि अहवालावर अत्यंत जहाल शब्दांत टीका केली होती. पण वृत्तपत्रांतून घरोघर गेला तो आकडा. तो कसा काढला ते गेलं नाही.

दुसरा प्रश्न कार्यकारणाचा. प्रचार असा होता की भत्त्यामुळे तूट आली. तूट आणि भत्त्यावरचा खर्च बरोबरीने वाढत होते, हे खरंच. पण का? कामावर असलेला माणूस विमा निधीत वर्गणी भरतो. तो बेकार झाला की वर्गणी थांबते आणि भत्ता सुरू होतो, म्हणजे निधीला दोन्हीकडून ओढ लागते. शिवाय त्याच्याकडून मिळणारा करही घटतो. तूट आणि भत्ता ही दोन्ही बेकारीची लेकरं, आणि इथे एका भावंडाला दुसऱ्याचा बाप ठरवलं गेलं! ताप आणि घाम एकदम दिसले म्हणून घाम पुसल्याने ताप उतरत नाही.

तिसरा युक्तिवाद आपल्या फार ओळखीचा आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. घर जसं चालवता तसा देश चालवा. ही उपमा पटते, कारण घराचा अनुभव प्रत्येकाला असतो. पण ती कुठे तुटते? घरात आपण खर्च कमी केला तर उत्पन्न घटतं ते वाण्याचं, आपलं नाही. देशात वाणीही त्याच घरात राहतो. बेकाराचे १७ शिलिंग त्याच आठवड्यात पाव, कोळसा आणि घरभाडं यांत जातात. ते कमी केले तर पाववाल्याचा गल्ला कमी होतो आणि पुढे त्याचा करही.

तरीही न्यायाने बोलायचं तर उपमेत थोडं तथ्य होतं. पौंड सोन्याला बांधलेला, धनको न्यूयॉर्क आणि पॅरिसचे, आणि त्यांचा विश्वास उडाला तर सोनं जाणार. धनको घराबाहेरचा असेल तर देश काहीसा घरासारखाच होतो. मजूर पक्षाच्या मंत्र्यांना हे दिसत होतं, म्हणूनच त्यांनी ऑगस्टमध्ये सुमारे ५ कोटी ६० लाखांची कपात तत्त्वतः मान्य केली होती. प्रचारात मात्र त्यांनी सगळा दोष बँकवाल्यांच्या कारस्थानावर टाकला. ज्याने आधारविधान मान्य केलं आहे त्याला निष्कर्षावर नुसतं रागावून भागत नाही. दुसरं आधारविधान मांडावं लागतं. ते त्यांच्याकडे नव्हतं.

चौथा युक्तिवाद नैतिक होता: त्याग सर्वांनी सारखा करावा. याची सर्वांत बळकट मांडणी अशी: १९२९ पासून राहणीखर्च साधारण १० टक्क्यांनी उतरला आहे, म्हणून १० टक्के कपात केली तरी बेकाराच्या हातात पूर्वीइतकंच धान्य पडेल. हा युक्तिवाद सहज झटकण्यासारखा नाही. पण नियम सांगितला की तो सर्वांना लावून पाहावा लागतो. भाव उतरले तेव्हा महायुद्धाचे कर्जरोखे बाळगणाऱ्यांच्या ५ टक्के व्याजाची खरेदीशक्तीही वाढली होती. मग ते व्याजही कापायचं का? मे समितीतल्या वेगळ्या टिपणाचा रोख असाच होता. उत्तर मिळालं की व्याज हा करार आहे. बरं, पण बेकारी विम्यातही कामगाराने आठवड्याला वर्गणी भरलेली होती. एकाच्या बाबतीत करार पवित्र आणि दुसऱ्याच्या बाबतीत भाव पाहून बदलण्याजोगा, हे कसं? १९३२ मध्ये त्या रोख्यांचं व्याज ५ वरून साडेतीन टक्क्यांवर आणलं गेलं, म्हणजे ते अशक्य नव्हतं.

'सारखा त्याग' म्हणजे काय, हे इन्व्हरगॉर्डनच्या आरमारी तळावरही दिसलं. तिथल्या जुन्या दराच्या साध्या खलाशाचे रोजचे ४ शिलिंग ३ वर आले, म्हणजे २५ टक्के कपात. वरिष्ठ अधिकाऱ्यांची टक्केवारी याहून बरीच कमी. १५ सप्टेंबरला खलाशांनी काम नाकारलं आणि सरकारला ही कपात १० टक्क्यांवर आणावी लागली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भत्ता कापायचा तो सुवर्णपरिमाण वाचवण्यासाठी, असं लोकांना सांगितलं होतं. २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडलं. ज्यासाठी कपात केली ते वाचलं नाही आणि भाकीत केलेला प्रलयही आला नाही. उलट पुढच्या नऊ-दहा महिन्यांत बँकेचा व्याजदर ६ वरून २ टक्क्यांवर उतरला. म्हणजे आधार कोसळला होता. मग निष्कर्ष मागे घेतला का? नाही. कपात तशीच राहिली आणि तिच्यासाठी नवे आधार शोधले गेले. मॅक्डोनल्ड सभांमध्ये जर्मनीतल्या महागाईच्या काळातल्या नोटा दाखवू लागले. वॉल्टर रन्सिमन यांनी सांगितलं की टपाल बचत बँकेतल्या ठेवी बेकारी निधीला उसन्या दिल्या आहेत, आणि स्नोडन यांनी त्याला दुजोरा दिला. हे विधान शब्दशः खोटं नव्हतं. ठेवींचा पैसा सरकारकडे गुंतवला जातो आणि सरकार निधीला कर्ज देत होतं. पण ठेवींना सरकारची हमी होती, हे ऐकणाऱ्या म्हातारीला कोण सांगणार? तिला कळलं ते एवढंच की तिची पुंजी बेकारांनी खाल्ली. खऱ्या विधानाने खोटी समजूत पेरता येते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

निष्कर्ष आधी ठरलेला असेल तर कोणताही आधार चालतो. म्हणून राजकीय युक्तिवादाला एक प्रश्न विचारावा: काय घडलं तर तुम्ही हे मत सोडाल? १९३१ मध्ये ते घडलं होतं, आणि मत कोणी सोडलं नाही. भत्त्यातली कपात १९३४ मध्ये मागे घेतली गेली. मधल्या काळात वर्गणीचा हक्क संपलेल्या लाखो कुटुंबांना अधिकाऱ्यांपुढे घरातल्या सगळ्यांची मिळकत मांडून भत्त्याची पात्रता सिद्ध करावी लागली. मुलगा कमावतो म्हणून बापाचा भत्ता घटायचा. त्या चौकशीची कडवट आठवण तिथे पुढे कित्येक वर्षं टिकली.

हिंदुस्थान या कथेत होताच. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी आणि डॉ. आंबेडकर त्याच वेळी लंडनमध्ये होते. सप्टेंबरअखेर गांधीजी लँकेशायरच्या डार्वेनला गेले आणि बेकार गिरणी कामगारांना भेटले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळपास तीस कोटी लोक वर्षातले सहा महिने रिकामे असतात. तुमचा भत्ता महिन्याला सत्तर शिलिंग, आमचं सरासरी उत्पन्न साडेसात. कोणाचं दुःख खोटं न ठरवता हिशेबाची चौकट मोठी करणारा हा युक्तिवाद आहे. इकडे रुपया १ शिलिंग ६ पेन्स दराने पौंडालाच बांधलेला राहिला आणि अडलेल्या शेतकरी घरांतले दागिने मोडून सोनं मुंबई बंदरातून बाहेर जाऊ लागलं. लंडनच्या त्या हिशेबात हे घर मोजलं गेलं नव्हतं.

मग तूट हा शब्द बाजूलाच ठेवायचा का? नाही. कर्ज काढलं की व्याज द्यावं लागतं आणि ते कोणीतरी देतं. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरीकडे न बघता वाटप जाहीर करणाऱ्यालाही पैसा कोणाचा, हे विचारलंच पाहिजे. प्रश्न एवढाच की भार कोणी उचलायचा हे उघड बोललं जातं का. महाराष्ट्राने ते एकदा बोलून दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्या पैशासाठी व्यवसाय कर बसवला. पगारदार माणसाच्या पगारातून रक्कम कापायची, सरकारने आपला वाटा घालायचा आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं. अंमलबजावणीत दोष पुष्कळ निघाले. पण कोण देणार आणि कोणाला मिळणार, हे कायद्यात लिहिलेलं होतं. ज्याला पटत नसेल त्याला विरोध कशाला करायचा ते माहीत होतं.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत कोणी तूट म्हणेल, कोणी रेवडी म्हणेल, कोणी हक्क म्हणेल. आपण चार प्रश्न विचारावेत. आकड्यात काय धरलं आणि काय वगळलं? कारण कोणतं आणि परिणाम कोणता? सांगितलेला नियम कर्जरोखेवाल्याला, करसवलत घेणाऱ्याला आणि बेकाराला सारखाच लावला आहे का? आणि आधार पडला तर निष्कर्ष सोडणार का? हे प्रश्न आपल्या आवडत्या पक्षाला आधी विचारावेत, कारण तिथे ते विचारायची आपली तयारी सर्वांत कमी असते.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.