गिल काय खातो?

'फाइंडिंग नेमो' हा पिक्सारचा चित्रपट २००३ साली आला. प्रवाळ, देवमासे, कासवे, समुद्री प्रवाह असे बरेच काही त्यात एकत्र पाहायला मिळते, म्हणून समुद्राचा धडा घेताना वर्गात दाखवण्यासाठी तो शिक्षकांना सोयीचा वाटतो. आम्हांलाही तो आवडतो. त्यातील विज्ञानाबद्दल एक आक्षेप हमखास घेतला जातो. क्लाऊनफिशच्या जोडीतील मादी मेली की नर स्वतःच मादी बनतो, तेव्हा नेमोचा बाप बाप राहिलाच नसता. आक्षेप बरोबर आहे, पण गोष्टीत मासे बोलतातही, हे मान्य करून आपण पुढे जातो. आमची तक्रार वेगळी आहे. ती सिडनीतल्या दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीबद्दल आहे.

या टाकीचा नायक गिल. तो मूरिश आयडॉल जातीचा मासा आहे. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर चाबकासारखा लांब तुरा आणि पुढे आलेले नळीसारखे तोंड. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांतही तो आढळतो. त्याचे तोंड नीट पाहिले तर त्याचा आहार कळतो. खडकांच्या फटींत वाढलेले स्पंज खुडून खाण्याचे ते हत्यार आहे. जोडीला शेवाळ आणि इतर चिकटून राहणारे लहान जीव. असा खुडत खुडत दिवसभर चरणारा मासा टाकीत आला, की वरून टाकलेल्या कोरड्या खाद्याच्या पापुद्र्यांना तो अन्न म्हणून ओळखतच नाही. आर्टेमिया, कोळंबीचे बारीक तुकडे, उघडलेल्या शिंपल्यातली तिसरी, स्पंज घातलेले गोठवलेले खाद्य असे एकेक करून पाहावे लागते. काही मासे खाऊ लागतात. पुष्कळसे काही आठवड्यांतच खंगून मरतात. मत्स्यालय बाळगणाऱ्या अनुभवी लोकांत या माशाची ख्याती त्यासाठीच आहे. तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला भरपूर मोकळी जागा लागते, ही अडचण आणखी निराळी.

चित्रपटात मात्र गिल वर्षानुवर्षे ठणठणीत आहे. त्याचे दुःख एकच, स्वातंत्र्य नाही. टाकीच्या कथेत भुकेला जागा नाही. इथेच चित्रपट चुकतो, असे आम्हांला वाटते. टाकी म्हणजे तुरुंग, काच म्हणजे भिंत, हे माणसाच्या अनुभवातून उचललेले रूपक आहे. मूरिश आयडॉलसाठी काच ही मोठी अडचण नव्हे. आजूबाजूला खडक आहे पण त्यावर खाण्यासारखे काही नाही, ही खरी अडचण. पाहणाऱ्या मुलाला वाटते, टाकी जरा मोठी आणि सजवलेली असली की झाले.

दुसरा प्रसंग पाण्याचा. सुटकेसाठी गिलची योजना अशी की फिल्टर खड्याने अडकवायचा, टाकी घाण होऊ द्यायची, मग दंतवैद्य ती साफ करायला माशांना बाहेर काढील. योजना फसते, मग सफल होते आणि पाणी हिरवेगार होते. विनोद छान जमला आहे. पण फिल्टर बंद पडल्यावर घाण दिसू लागण्याच्या आधी न दिसणारे घडते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमध्ये वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पाणी फिरायचे थांबले की या जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, अमोनिया साचू लागतो आणि माशांनाही ऑक्सिजन कमी पडतो. पाणी तेव्हाही स्वच्छच दिसते. दाटीवाटीच्या टाकीत मासे आधी मेले असते, हिरवा रंग नंतर आला असता.

खाद्य आणि पाणी यांचा संबंधही इथेच आहे. खाण्याच्या बाबतीत हट्टी असलेल्या माशाला दिवसातून चार वेळा निरनिराळे काहीतरी द्यावे लागते. त्याने सोडलेले तुकडे कुजतात आणि अमोनिया वाढवतात. म्हणजे ज्याला जास्त वेळा द्यायला हवे, त्याच्यामुळेच लहान टाकी लवकर बिघडते. क्षारांचेही तेच. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या ४० लिटर पाण्यातले ४ लिटर उडून गेले, तर क्षार मागे राहतात आणि प्रमाण ३९ च्या आसपास जाते. ४०० लिटरमधून तेवढेच पाणी उडाले तर ते ३५.४ च्याही आतच राहते. हे गणित सातवीची मुले फळ्यावर सहज करतील.

तिसरी गोष्ट चित्रपटाने सरळ उलटी करून ठेवली आहे. समुद्रातून आलेले दोघेच, नेमो आणि गिल. बाकीचे आपापल्या दुकानांची नावे सांगतात, जणू ते तिथेच जन्मले. प्रत्यक्षात पिवळ्या टँगची, म्हणजे चित्रपटातल्या बबल्सची, पैदास बंदिवासात प्रथम साधली ती हवाईमध्ये २०१५ साली. तेव्हा २००३ च्या टाकीतला बबल्स समुद्रातूनच पकडलेला असणार. उलट क्लाऊनफिशची पैदास बंदिवासात करणे समुद्री माशांत सर्वांत सोपे. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याच्या अनेक जातींची पिल्ले वाढवली आहेत. त्या पिल्लांना पहिले काही दिवस जिवंत रोटिफर खाऊ घालावे लागतात, म्हणजे इथेही प्रश्न आधी तोंडात मावणाऱ्या अन्नाचाच. थोडक्यात, टाकीत ठेवायचाच तर नेमो त्यातल्या त्यात योग्य, आणि गिल सर्वांत अयोग्य.

चित्रपटामुळे क्लाऊनफिशची मागणी भडकली असे सर्रास म्हटले जाते. २०१७ साली मिलिट्झ आणि फोल यांनी या समजुतीची छाननी केली तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. म्हणून चित्रपटावर तो ठपका ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

शेवटी सगळे मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून सिडनीच्या बंदरात पोहोचतात, आणि 'आता पुढे काय?' असा प्रश्न एकजण विचारतो. सगळे हसतात. पण त्यांतला गर्गल हा रॉयल ग्रॅमा, कॅरिबियन समुद्रातला मासा. प्रशांत महासागरात सोडणे म्हणजे त्याला घरी पाठवणे नव्हे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९८५ साली सिंहमासा दिसला, तो हिंदी-प्रशांत महासागरातला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांमुळे तो तिथे पोहोचला असे मानले जाते, आणि आज त्या भागातले स्थानिक मासे तो फस्त करतो आहे. वर्गात चित्रपट दाखवलाच, तर या शेवटच्या दृश्यावर थांबावे आणि प्रत्येक पिशवीतला मासा मुळात कोणत्या समुद्रातला, हे मुलांना नकाशावर शोधायला सांगावे.