थोड्या पैशांतला राक्षस

भुताखेतांचे आणि राक्षसांचे चित्रपट हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे आपल्याकडे फारसे कोणी मान्य करत नाही. विद्वान त्यांना हसतात, मौलवीसाहेब त्यांना फिजूल म्हणतात आणि घरातली पोरे चादरीच्या फटीतून ते पाहतच राहतात. ज्या गोष्टीने एका पिढीच्या मनात घर केले, तिची दखलही न घेणे हे काही उच्च अभिरुचीचे लक्षण नव्हे. म्हणून कमी खर्चात, छोट्या पडद्यासाठी बनलेल्या या राक्षसकथांचे गुणदोष आम्ही येथे तपासत आहोत. आमच्यासमोर दोन प्रश्न आहेत. हाती पैसा नसताना भीती कशी उभी करावी, हा पहिला. आणि राक्षस म्हणून कोणाला उभे करावे, हा दुसरा. या प्रकाराची खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नावर होते, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे या प्रकाराचे मूळ घराणे रामसे बंधूंचे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, तो प्रसंग लोकांना आवडला आणि रामसेंच्या मुलांनी नेमके तेच हेरले. १९७२ मध्ये त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून झाले. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक संकलनाला, एक ध्वनीला, दोघे दिग्दर्शनाला, असा सगळा घरचाच कारभार. सेट उभारायला पैसा नव्हता म्हणून त्यांनी खऱ्या जुन्या वास्तू गाठल्या. पुठ्ठ्याच्या महालापेक्षा ओल धरलेली खरी भिंत अधिक घाबरवते, हे त्यांना गरिबीनेच शिकवले.

पुढे ९ ऑगस्ट १९९३ रोजी ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि तुलसी व श्याम रामसे यांच्यासोबत राक्षस चित्रपटगृहातून थेट आपल्या बैठकीच्या खोलीत आला. चित्रपटगृहात भीती दाराबाहेर सोडून घरी येता येते. दूरदर्शन संच मात्र घरातच असतो. कार्यक्रम संपल्यावर त्याच घरातला अंधारा जिना चढायचा असतो, मागच्या अंगणातल्या नळावर जायचे असते. कुरकुरणारे दार, आपोआप हलणारा पडदा, रिकाम्या खोलीतला झोका यांना खर्च काहीच नाही. पण या वस्तू प्रत्येकाच्या घरात आहेत. १९९५ मध्ये बी. पी. सिंग यांची ‘आहट’ मालिका आली. तिने तर नावापासूनच आवाजावर भिस्त ठेवली. जे दिसत नाही ते प्रेक्षक स्वतःच्या मनाने भरून काढतो, आणि त्या कामाचा मेहनताना निर्मात्याला द्यावा लागत नाही.

दोषही येथेच सुरू होतात. दर आठवड्याला भाग द्यायचा, एकच कथा चार-पाच भागांत ताणायची, म्हणजे पाणी घालणे आले. प्रत्येक जाहिरातीआधी किंकाळी हवीच, मग ती मांजरावर का निघेना. सर्वांत मोठा दोष घाईचा. रबरी मुखवटा एकदा लख्ख उजेडात आणला की त्याची शिवण दिसते, आणि शिवण दिसली की भीती संपली.

जगभरचा अनुभव वेगळा नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत व्हॅल ल्यूटन या निर्मात्याने तुटपुंज्या पैशांत ‘कॅट पीपल’ केला. दिग्दर्शक होते जाक तुर्नर. पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर हलणाऱ्या सावल्या आणि एकदम थांबलेल्या बसचा फुसकारा, एवढ्यावर त्यांनी भय उभे केले. याच्या अगदी उलट उदाहरण २०१३ च्या ‘शार्कनॅडो’ या दूरचित्रवाणीपटाचे. वादळातून शार्क मासे शहरावर कोसळतात, आणि संगणकावर काढलेले ते मासे इतके खोटे दिसतात की लोक हसण्यासाठीच तो पाहतात. हसवणे हा गुन्हा नाही. पण स्वतःच्या दारिद्र्याची थट्टा करून मिळवलेली टाळी एकदाच मिळते. पैसा दोन्हीकडे थोडाच होता. एकाने तो झाकण्यातून कला काढली, दुसऱ्याने उघडा टाकून गंमत काढली.

आता दुसरा प्रश्न. ‘पुराना मंदिर’ या १९८४ च्या चित्रपटातला सामरी गाजला तो अनिरुद्ध अग्रवाल यांच्यामुळे. ते शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. त्यांची असामान्य उंची आणि चेहऱ्याची ठेवण पाहून त्यांना राक्षस केले गेले. मुखवट्याचा अर्धा खर्च असा वाचला. माणसाचे वेगळे शरीर हेच भयाचे साधन करणे स्वस्त पडते, पण त्याची किंमत कोणी तरी चुकवतेच. अंगाने वेगळे असलेले पोर गल्लीतून जाताना मागून ‘सामरी’ अशी हाक येते, ती याच बचतीतून.

कबरस्तानाचेही तसेच. आपल्यासाठी ती वडीलधाऱ्यांच्या हक्कात दुआ मागण्याची जागा. या चित्रपटांत मात्र कबर दिसली की हात बाहेर येणारच. ‘दो गज जमीन’ हे शब्द ऐकताच बहादूरशाह जफर यांच्या नावावर असलेला शेर आठवतो. मायदेशात मूठभर मातीही न लाभलेल्या माणसाचे ते दुःख. भयपटाच्या पाटीवर त्याचे नुसते भेडसावणे झाले. मुरूडचा सिद्दी नवाबांचा राजवाडा कित्येक प्रेक्षकांना ठाऊक आहे तो रामसेंची भुताटकीची हवेली म्हणून. जंजिऱ्याचा इतिहास त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

याहून गंभीर गोष्ट झपाटण्याची. या कथांत बाई विचित्र वागू लागली की डॉक्टर हात टेकतो आणि तांत्रिक किंवा आमिल जिंकतो. कथेपुरते ठीक, पण आपल्या मोहल्ल्यांत आजही मनाच्या आजाराला ‘बाहर की हवा’ म्हणतात आणि तावीज-गंड्यात महिने घालवतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधून ठेवलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण दगावले. ही आग चित्रपटांनी लावली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या समजुतीने त्या साखळ्या घातल्या, तीच समजूत दर आठवड्याला करमणूक म्हणून घरोघर पोहोचवणे निरुपद्रवी कसे? महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला पकडू शकतो. कथेतल्या भोंदूला मात्र समीक्षेनेच पकडायला हवे.

मग थोड्या पैशांत दुसरे काही करता येते का? उत्तर आमच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी मित्रांना जमवून आधी ‘मालेगाव के शोले’ केला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये या सुपरमॅनच्या निर्मितीवर माहितीपट केला. तो २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पण कौतुकाच्या या गर्दीत एक गोष्ट निसटते. सुपरमॅन झालेले शफीक शेख हडकुळे यंत्रमाग कामगार. त्यांचा सुपरमॅन आकाशात उडतो आणि शहराच्या धुरा-धुळीने त्यालाच दम लागतो. खलनायक कोणी कबरीतून उठलेला नाही; त्याला घाण आणि तंबाखू प्रिय आहे. हिरव्या पडद्याची कारागिरी कच्ची आहे, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा आहे. तरीही हा राक्षस रामसेंच्या सर्व राक्षसांपेक्षा खरा आहे, कारण तो मालेगावच्या नाक्यानाक्यावर पुडीत विकला जातो. २०११ मध्ये शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेले. पडद्यावर ज्याला त्यांनी हरवले, त्याची ताकद या मृत्यूने सर्वांना दाखवली.

आज मोबाईलवर चित्रपट बनतो आणि त्याच दिवशी जगाला दिसतो. आपली पोरे भयकथा करणारच, आणि त्यांनी त्या जरूर कराव्यात. त्यांना आमचे एवढेच सांगणे : राक्षस उशिरा दाखवा, आवाजावर मेहनत घ्या आणि आपली गल्ली, आपला कारखाना, आपली बोली सोडू नका. मात्र कॅमेरा सुरू करण्याआधी विचारा, की आपण भीती कोणाची घालतो आहोत. अपंगाची, वेडसर ठरवलेल्या बाईची, कबरीची, की या वस्तीला खरोखर खाणाऱ्या गोष्टीची? पैसा कमी असेल तर प्रेक्षक समजून घेतो. राक्षस चुकीचा निवडला, तर मात्र त्याला समजून घेऊ नये.