नियम आणि अर्थ : पदव्युत्तर खेळरचना-शिक्षणाची चिकित्सा

'गेम डिझाइन' हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो, हे ऐकून महाविद्यालयीन अध्यापकांच्या चेहऱ्यावर अजूनही स्मित उमटते. या विषयाकडे एक तर पोरखेळ म्हणून पाहिले जाते, नाही तर संगणक-प्रशिक्षणाची एक शाखा म्हणून. दुसरा समज अधिक घातक आहे, कारण तो आदराच्या वेषात येतो.

नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या बंगळूर केंद्रात 'डिजिटल गेम डिझाइन' या विषयात एम. डेस. करता येते. पवईच्या आय. आय. टी.मध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या औद्योगिक रचना केंद्रात आंतरक्रिया-रचना व सचेतपट (अ‍ॅनिमेशन) हे निकटचे विषय आहेत. तेथील प्रवेशासाठी होणाऱ्या 'सीड' परीक्षेला कोणत्याही शाखेचा तीन वर्षांचा पदवीधर बसू शकतो. म्हणजे रोह्याची मराठी घेऊन बी. ए. झालेली विद्यार्थिनीही या परीक्षेला बसण्यास पात्र ठरते. मात्र ही गोष्ट तिला सांगणारे कोणी भेटत नाही. तिच्यापुढे ठेवली जाते ती अमुक सॉफ्टवेअर शिका, तमुक प्रमाणपत्र मिळवा अशी यादी.

खेळाची मूळ सामग्री कोणती, या प्रश्नाचे उत्तर चित्र नव्हे, संगणक-आज्ञावलीही नव्हे, तर नियम असे आहे. योहान हाइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) मध्ये खेळाला संस्कृतीचे अधिष्ठान मानले. केटी सेलन व एरिक झिमरमन यांनी 'रूल्स ऑफ प्ले' (२००३) मध्ये नियमांतून अर्थ कसा निपजतो याची मांडणी केली. पण त्यासाठी हॉलंड-अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहावी. दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी एकूण १२० वाटोळी पाने. पाच रंगांत राजा व प्रधानानंतर दहापासून खाली उतरता क्रम, उरलेल्या पाचांत एक्क्यापासून उलटा. शिवाय डाव दिवसा असेल तर रामाचा राजा धरणारा खेळास आरंभ करतो, रात्री असेल तर कृष्णाचा. सूर्यवंश, चंद्रवंश आणि प्रहर यांचे नाते येथे पानावर रंगविलेले नाही. ते नियमात आहे. पाने कोरी ठेवून फक्त नावे लिहिली, तरी तो अर्थ टिकेल.

हीच कसोटी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) या गाजलेल्या खेळास लावून पाहण्यासारखी आहे. रक्षाबंधनाच्या दिवशी असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी; दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारे कथन; राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या. दृश्यरचनेत या खेळाला भारतीय खेळांत तोड सापडणे कठीण. त्यातील लढाई मात्र परकीय साच्याची आहे : अंगण बंद होते, असुरांच्या लाटा येतात, सर्व मारले की वाट उघडते. त्रिशूळाऐवजी तेथे कोणतेही शस्त्र दिले, तरी नियम बदलत नाही. दुर्गा येथे पोशाखापुरती राहते, असे स्पष्ट म्हणावे लागेल. उलट, वर्तुळाकार चित्रखंड फिरवून स्मृतीचे चित्र जुळविण्याची जी कोडी आहेत, त्यांत खेळाडूचा हात आणि राजीचे आठवणे एकरूप होतात. खेळाचे खरे यश त्या मोजक्या जागी आहे. समीक्षकांनी मात्र गौरव केला तो मुख्यतः दृश्यांचा.

हा भेद पेणच्या लोकांना समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नसावी. तेथील गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती काढणारे हात पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी मोजक्याच कारागिरांकडे सोपविली जाते. त्रिमितीय आकृती घडविण्याचे संगणकीय कौशल्य हे साच्याचे काम आहे. ते हलके नव्हे, त्यावर घरे चालतात; पण ते शिकविणारा अभ्यासक्रम पदव्युत्तर म्हणवून घेऊ लागला, तर विद्यार्थ्याची फसवणूक होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलताच त्याच्या पदवीचे मोल उतरते आणि कर्ज काढून मुंबई-पुण्याला पाठविणाऱ्या पालकास त्याचे कारण कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमात स्थान दिले, तेव्हा मोक्षपटाचा उल्लेख अनेक व्याख्यानांत होऊ लागला. तो बहुधा अभिमानापुरताच राहतो. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, त्या पटावर कवडीच्या दानाने पुण्याची शिडी चढणारा माणूस आपल्या कर्माने चढतो की दैवाने, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाने विचारावा असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडला गेला. पुढे शिड्यांवरची सद्गुणांची नावे पुसली गेली, नियम तेवढे उरले. काय हरवले आणि काय टिकले, याचे उत्तर मराठी, इतिहास, गणित व संगणकशास्त्र या चारही विभागांनी एकत्र बसून शोधावे लागेल. पेण-रोह्यासारख्या ठिकाणी हे चारही विभाग एकाच जिन्यावर असतात. महागडी प्रयोगशाळा नसली, तरी पुठ्ठा, कवड्या आणि एक पूर्ण सत्र एवढ्यावर पहिला पट मांडता येतो.