सर जॉर्ज सिम्प्सनचीं दोन पुस्तकें

वाचक समोर आहे असें जाणून लिहिणारा ग्रंथकार खरा, कीं आपलें लिखाण कोणी वाचणार नाहीं अशा खात्रीनें लिहिणारा खरा? बहुतेक टीकाकार दुसऱ्याच्या बाजूनें कौल देतात. सर जॉर्ज सिम्प्सनचीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं, तेव्हां हा कौल आम्हांस फेरविचारास पात्र वाटला.

सिम्प्सन हा हडसन्स बे कंपनीचा उत्तर अमेरिकेंतील गव्हर्नर. १६७० च्या सनदेनें ह्या कंपनीस आजच्या कॅनडाच्या फार मोठ्या भागांत व्यापाराचे व अंमलाचे हक्क मिळाले होते. बीव्हर इत्यादि प्राण्यांचीं कातडीं मिळवून लंडनला पाठविणें हा तिचा मुख्य उद्योग. लंडनमधील एका साखरेच्या पेढीवर काम करणारा हा स्कॉटिश गृहस्थ १८२० सालीं तिकडे गेला. १८२१ त प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी हिच्यांत विलीन झाली, आणि १८२६ पासून १८६० त मृत्यु येईपर्यंत कंपनीचा तेथील सारा कारभार त्याच्या हातीं होता.

पहिलें पुस्तक म्हणजे त्याच्या १८४१-४२ मधील पृथ्वीप्रदक्षिणेचें, १८४७ त दोन खंडांत प्रसिद्ध झालेलें वर्णन. त्याच्या रचनेंत ॲडम थॉम ह्या कायदेपंडिताचा हात मोठा होता. भाषा गुळगुळीत, वृत्ति समारंभी. त्यांत रेनी नदीच्या सुपीक कांठांचें मोठें बहारीचें वर्णन आहे. शेतकरी आला कीं शिकारीचा व्यापार उठतो, हें सिम्प्सन जाणून होता. म्हणून १८५७ त पार्लमेंटच्या समितीपुढें हा मुलूख वसाहतीस योग्य नाहीं असें तो सांगूं लागला. तेव्हां सभासदांनीं त्याचेंच पान त्याच्यापुढें धरलें, आणि आपण केवळ नदीकांठाविषयीं लिहिलें होतें, अशी सारवासारव त्यास करावी लागली.

दुसरें पुस्तक ही १८३२ ची खाजगी वही. तींत कंपनीच्या १५७ नोकरांवर शेरे आहेत; नांवांच्या जागीं आंकडे, आणि आंकड्यांची किल्ली वेगळी. गद्य म्हणून ही वही पहिल्या ग्रंथाहून कितीतरी सरस आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. इंडियन लोकांविषयींच्या संशयानें सदा सशस्त्र राहणारा सॅम्युएल ब्लॅक, पोकळ बडेजावाचा कॉलिन रॉबर्टसन, हीं माणसें चार-सहा वाक्यांत उभीं राहतात.

परंतु मुखवटा उतरला म्हणजे खरा चेहरा दिसतोच, असें नाहीं. मिश्र रक्ताच्या कारकुनांविषयीं लिहितांना सिम्प्सनची तीक्ष्ण दृष्टि एकाएकीं मंद होते. माणूस दिसेनासा होऊन केवळ जात दिसूं लागते. मार्गारेट टेलर ही अशाच मिश्र कुळांतली स्त्री सिम्प्सनची पत्नी म्हणून त्याच्या घरांत राहिली होती व तिला त्याच्यापासून दोन मुलगे झाले होते. तिला कांहीं न कळवितां १८३० त त्यानें लंडनमध्यें आपल्या चुलत बहिणीशीं, फ्रान्सिसशीं, विवाह केला. दोनच वर्षांनीं मिश्र रक्ताचे दोष मांडणाऱ्या ह्या लेखणीनें स्वतःच्या मुलांचें रक्त विसरावें, ह्यास आम्ही स्पष्टवक्तेपणा म्हणणार नाहीं. वहींत १५७ माणसें आहेत. एकशें अठ्ठावन्नावें, म्हणजे लेखक, तेवढें नाहीं.

जाहीर ग्रंथांतील विसंगति पकडण्यास वाचकांना दहा वर्षें लागलीं. वही छापून लोकांपुढें आली ती १९७५ सालीं, म्हणजे १४३ वर्षांनीं. तोंवर त्या शेऱ्यांना उत्तर देऊं शकणारा एकही माणूस उरला नव्हता. वाचकाच्या भयानें लेखक खोटें बोलतो, हें खरें. पण वाचक असतो म्हणूनच तें खोटें कधींतरी उघडें पडतें. सिम्प्सनच्या वहीचें वाङ्मयीन मोल आम्ही जाणतों. तिला सत्याची साक्ष मात्र मानीत नाहीं.