किल्ल्यांचा जुडगा आणि चुकीचा संशय

भिवंडीतल्या एका शाळेच्या संगणककक्षात आम्ही एका बिघाडामागे दोन दुपारी घालवल्या. संगणक लिनक्सवर चालणारे, त्यांवर फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा कोड एडिटर, आणि मुलांची तक्रार अशी की, घरच्या संगणकावर केलेली रंगसंगती, अक्षरांचा आकार, शॉर्टकट यांतले काहीच शाळेत उमटत नाही. ‘सेटिंग्ज सिंक’ सुरू करायला गेले की, लॉगिनची माहिती साठवता आली नाही अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येई आणि काम तिथेच अडे. आम्ही पोहोचलो तोवर इंटरनेटची केबल बदलून झाली होती. एडिटर दोनदा काढून पुन्हा बसवलाही होता. शेवटी सगळा ठपका ‘सँडबॉक्स’वर आला होता. हा ठपका कसा चुकीचा होता आणि तो तसा का बसला, हा या लेखाचा विषय आहे.

सँडबॉक्स म्हणजे प्रोग्रामला दिलेली बंदिस्त खोली. फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रामला संगणकावरच्या सगळ्याच वस्तू दिसत नाहीत. परवानगी असेल तेवढ्याच दिसतात. भिवंडीच्या वाचकांना गोदामाचे उदाहरण पुरेल. आतल्या माणसाला बाहेरचे काही हवे असेल तर फाटकावरून चिठ्ठी जाते, आणि यादीत नाव असेल तरच पुढे सरकते. लिनक्समध्ये या चिठ्ठ्यांची ने-आण ‘डी-बस’ ही निरोपव्यवस्था करते. ही व्यवस्था आम्हाला योग्यच वाटते. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोग्रामला सारे घर मोकळे सोडणे शहाणपणाचे नाही.

आता सिंक. ही सोय या एडिटरमध्ये 2020 सालापासून आहे. मायक्रोसॉफ्ट किंवा गिटहबच्या खात्याने साइन-इन केले की सेटिंग्ज त्यांच्या सर्व्हरवर जातात आणि दुसऱ्या संगणकावर उतरतात. साइन-इन झाल्याचा पुरावा म्हणून एक गुप्त खूण मिळते. ती जपून ठेवण्यासाठी एडिटर डेस्कटॉपच्या ‘कीरिंग’चा, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याचा आधार घेतो. हा जुडगाही कुलूपबंद असतो. आपण लॉगिन करताना पासवर्ड टाइप करतो, त्याच पासवर्डने तो परस्पर उघडतो. एरवी हे लक्षातही येत नाही.

खरी ग्यानबाची मेख इथेच होती. शाळेतले संगणक सुरू केल्यावर पासवर्ड न विचारता आपोआप लॉगिन होत. तासाची पाच मिनिटे वाचावीत म्हणून कोणीतरी ही सोय करून ठेवली होती. पासवर्ड टाइपच होत नसल्याने जुडगा बंदच राही. एडिटरने खूण ठेवायला मागितली की पासवर्ड विचारणारी एक चौकट येई, तो कोणालाच ठाऊक नसल्याने मुले ती रद्द करीत, आणि मग तो संदेश येई. ही चौकट येते हे कोणी आम्हाला आधी सांगितले नाही, कारण तिचा बिघाडाशी संबंध असेल असे कोणालाच वाटले नव्हते!

हे कळले ते एका साध्या प्रयोगातून. त्याच संगणकावर आम्ही तोच एडिटर नेहमीच्या पद्धतीने, सँडबॉक्सशिवाय बसवला. तोही तसाच अडला. म्हणजे खोली असो वा नसो, फळ एकच. तेव्हा दोष खोलीचा नाही. मग लॉगिन-पासवर्ड चालू करून संगणक पुन्हा सुरू केला, आणि दोन्ही एडिटरांत सिंक चालले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण आठवीच्या मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो, पण संगणकापुढे बसलो की स्वतः विसरतो. बिघाड नुसता फ्लॅटपॅकमध्ये असता, तर मात्र जुडग्याशी बोलण्याची परवानगी त्याला आहे का, हे पाहावे लागले असते. फ्लॅटसील नावाच्या प्रोग्राममध्ये ती यादी दिसते.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नव्याने बसवलेल्या एडिटरमध्ये जुन्यातली सेटिंग्ज नव्हती, तेव्हा मुलांना ती पुसली गेली असे वाटले. तसे नव्हते. फ्लॅटपॅक आपली सेटिंग्ज वेगळ्या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. एकाच घरात दोन कपाटे असावीत तसे हे आहे.

आमची टीका आहे ती संदेशावर आणि त्यावरच्या प्रचलित उपायांवर. साठवता आले नाही, एवढे सांगून भागत नाही. जुडगा सापडला नाही, की सापडला पण बंद आहे, की विचारण्याचीच परवानगी नाही? या तीन अगदी वेगळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे. धागा तुटला की माग थांबतो हे ठीक, पण उभा तुटला की आडवा हे पाहिल्याशिवाय कारागीर गाठ कुठे मारणार?

संदेश मुका असला की माणसे हाताला लागेल तो उपाय करतात. जुडग्याला कोरा पासवर्ड द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो दिला की संदेश जातो हे खरे, पण गुप्त खुणा डिस्कवर उघड्या पडतात. कमकुवत सांकेतिकीकरण वापरण्याचा पर्याय एडिटर स्वतःही देतो. घरच्या एकट्याच्या संगणकावर तो एक वेळ चालेल. शाळेत चाळीस मुले एकाच लिनक्स खात्यावर पाळीपाळीने बसतात. सकाळच्या मुलाने साइन-इन करून ठेवले, तर दुपारची मुलगी त्याच्या नावाने एडिटर उघडते, आणि तिथून त्याच्या गिटहब खात्यापर्यंतची वाट फार लांब नसते. बिघाडामुळे आजवर हे घडले नव्हते इतकेच. बिघाड दुरुस्त करताना आपण हे दार उघडून देत आहोत, हे आम्हाला दुसऱ्या दुपारी उमगले. ते पहिल्याच दुपारी सुचायला हवे होते.

म्हणून सिंक चालू झाल्यावर आम्ही ते बंदच ठेवायला सांगितले. ज्यांना आपली सेटिंग्ज हवीत त्यांनी एडिटरमधून ‘प्रोफाइल’ फाइलरूपात काढून पेनड्राइव्हवर आणावे. त्याला कोणतेही खाते लागत नाही. प्रत्येक मुलाला पासवर्डासह स्वतंत्र लिनक्स खाते देण्याचे काम शाळेने हाती घेतले आहे आणि ते झाले की सिंकचा विचार पुन्हा करता येईल. दोन जुन्या संगणकांवर मात्र साइन-इनचे पानच उघडेना. तिथे मदरबोर्डावरची बॅटरी संपून घड्याळ काही वर्षे मागे गेले होते, आणि चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारली जात होती. घड्याळ लावल्यावर पान उघडले. बॅटरी अजून आणायची आहे.