१ कोटी ५६ लाखांत न सापडणारं वाक्य

प्रजनन आरोग्यावर काम करायचं ठरवलं असेल, तर एक पेपर तुम्हाला टाळता येणार नाही: २०१८ सालच्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधला, सुशीला सिंग आणि सहकाऱ्यांचा. २०१५ मध्ये भारतात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असं तो सांगतो.

आकडा काढला कसा, ते आधी बघा. सहा राज्यांतल्या आरोग्यसंस्थांचं सर्वेक्षण आणि जोडीला गोळ्यांच्या विक्री-वाटपाची आकडेवारी. सरकारी नोंदींत न येणारं मोजायची ही युक्ती मला आजही भारी वाटते. (त्या सहांत महाराष्ट्र नाही, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरलं जातं.)

माझी तक्रार वेगळी आहे. गोळ्यांच्या विक्रीत बाई दिसत नाही. हे ७३ टक्के दवाखान्यात गेल्याच नाहीत, की जाऊन परत आल्या? रकाना एकच. तुम्ही त्याला 'सोय' म्हणा, दुसरा कोणी 'नाइलाज' म्हणेल. आकडा दोघांनाही हो म्हणतो.

परत येणं बऱ्याचदा विचारण्यातच ठरतं. डॉक्टरांपुढे बसण्याआधी बाई शब्द जुळवते. 'गर्भपात' म्हणायचं, 'क्युरेटिंग' म्हणायचं, की नुसतं 'पाळी चुकलीय, काही गोळी मिळेल का?' आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात; हे माहीत नसेल तर ती कमीच सांगते. नवऱ्याची सही लागणार, हे तर तिने धरूनच ठेवलेलं असतं. वास्तविक १९७१च्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियाही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलंय. तरी 'मिस्टर कुठे आहेत?' हा प्रश्न येतो. कधी थेट 'बंदी आहे' असं उत्तर मिळतं. बोलणाऱ्याच्या डोक्यात असतो १९९४चा गर्भलिंगनिदानाचा कायदा!

आणि इथे कायद्याची बांधणीही बघा. २० आठवड्यांपर्यंतसुद्धा एका डॉक्टरचं मत लागतंच. म्हणजे बाई मागत नाही, पटवून देते. कोणतं कारण सांगितलं की काम होईल, याची ती घरूनच उजळणी करून निघते. ही उजळणी या पेपरच्या पद्धतीत मावणारीच नाही. तो दोष लेखकांचा नाही, पण हाच आकडा 'बायकांना गोळ्याच हव्या असतात' याचा पुरावा म्हणून कोणी वापरला, तर मात्र अडवा.

तुमची प्रश्नावली करताना 'दवाखान्यात गेलात का?' एवढ्यावर थांबू नका. तिथे पहिलं वाक्य काय बोललात, ते कोणी सुचवलं, समोरून काय उत्तर आलं, हे विचारा. सासू किंवा जाऊ खोलीत असेल तर मुलाखत पुढे ढकला. आणि टिपणात गाव, महिना आणि मुलांची संख्या एकत्र लिहू नका. लहान गावात एवढ्यावरूनही बाई ओळखू येते.