सिद्धांतकार कुठल्या खुर्चीत बसलाय?

पेट किंवा नेटची तयारी करणारे मित्रमैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात: "एखाद्या नावाजलेल्या सिद्धांतावर टीका करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि चूक म्हणणारे आपण कोण?" आज एकच उदाहरण घेते. ते माझ्या प्रबंधातलं नाही, माझ्या मंगळवार संध्याकाळचं आहे.

पुस्तक आहे ख्रिस्तोफर स्मॉल यांचं 'म्युझिकिंग', १९९८ सालचं. टीका करण्याआधी मूळ म्हणणं जितकं भक्कम मांडता येईल तितकं मांडायचं, म्हणून आधी तेच करते.

स्मॉल म्हणतात, संगीत ही वस्तू नाही, ती कृती आहे. म्हणून त्यांनी नामाचं सरळ क्रियापदच करून टाकलं. वाजवणारे, ऐकणारे, रियाज करणारे, इतकंच काय, तिकिटं विकणारे आणि मैफल संपल्यावर सभागृह झाडणारेही या कृतीत सामील असतात. कृतीचा अर्थ शोधायचा तर तिथे जमलेल्यांमधली नाती तपासा. मग ते आपल्याला मोठ्या शहरातल्या सिम्फनीच्या मैफलीला नेतात. बाहेरच्या गोंगाटापासून तोडलेली भव्य इमारत. एकमेकांना न ओळखणारे, एकाच दिशेला तोंड करून गप्प बसलेले श्रोते. वेगळ्या दाराने येणारे-जाणारे वादक. सगळ्यांवर हुकमत चालवणारा कंडक्टर, आणि त्याच्याही वर केव्हाच वारलेला रचनाकार. निष्कर्ष असा की ही मैफल म्हणजे आधुनिक औद्योगिक समाजातल्या एका वर्गाचा विधी आहे. माणसामाणसांतली आदर्श नाती कशी असावीत, हे तो वर्ग तिथे स्वतःलाच दाखवत असतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जवळजवळ प्रत्येक पानावर खूण केली होती. अजूनही अर्धं पटतं. उरलेलं अर्धं तालमीत अडकलं.

पीएचडीसाठी इंग्लंडमध्ये आल्यापासून मी एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. हौशी म्हणजे आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्थांसारखंच: दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, खुर्च्या आपणच मांडायच्या आणि आपणच उचलायच्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही बेटोव्हनची सातवी सिम्फनी बसवत होतो. ती पहिल्यांदा वाजली ८ डिसेंबर १८१३ रोजी, व्हिएन्नात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत; आणि तिचा दुसरा भाग, अलेग्रेट्टो, लोकांनी त्याच वेळी पुन्हा वाजवायला लावला.

हा भाग कागदावर सोपा दिसतो. लय एकच: गुरू, लघू-लघू, गुरू, गुरू. सुरुवातीला सुरावट जवळजवळ हलतच नाही. वाद्यवृंदातल्या फुंकवाद्यांचा एक स्वरमेळ वाजून विरतो आणि मग ही सुरावट सुरू करतात व्हायोला, चेलो आणि डबल बास, म्हणजे एरवी मागे राहणारे आम्ही. पुढच्या फेरीत ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि आम्हाला तिच्यावर तरंगणारी दुसरी, लांबलचक, फार सुंदर धून मिळते. त्यानंतर सुरावट पहिल्या व्हायोलिनकडे जाते आणि ती सुंदर धून दुसऱ्या व्हायोलिनकडे. म्हणजे प्रत्येकाला मिळतं आणि प्रत्येकाला सोडावं लागतं.

आमची गाडी रुळावरून घसरायची ती नेमकी या हस्तांतराच्या जागी. धून हातात आली की आम्ही जोर लावायचो आणि दुसऱ्या व्हायोलिनची सुरावट बुडायची. कंडक्टरने तीनदा थांबवून सांगितलं, काही फरक पडला नाही. शेवटी ते हात खाली घेऊन म्हणाले, "आता मी नाही. एकमेकांचं ऐका." पहिल्या फेरीत डबल बासवाल्यांच्या गजाकडे बघत बघत आम्ही लय धरली, आणि धून आली तेव्हा पहिल्यांदाच आपला आवाज कमी ठेवून दुसऱ्यांची सुरावट ऐकली. स्मॉल यांच्या वर्णनात वादकांची नजर कंडक्टरकडे असते. इथे ती शेजाऱ्याच्या मनगटाकडे होती.

दुसरी गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. माझ्या स्टँडवर शेजारी बसणारे काका सत्तरीचे आहेत. शेवटच्या भागात वेग असा असतो की ते निम्मे सूर सोडतात. मैफल दोन आठवड्यांवर आली तेव्हा मी मनातून त्यांच्यावर चिडले होते. मग एका तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि कळलं की तिथले कितीतरी सूर मीही खातेय. फरक इतकाच की ते प्रत्येक मात्रेच्या पहिल्या सुरावर अचूक परत येत होते आणि मी भरकटत होते. विचारलं तर म्हणाले, "जमत नाहीत ते सूर सोडायचे, लय सोडायची नाही." पगारी ऑर्केस्ट्रात असं कोणी खपवून घेणार नाही. इथे हे एक कौशल्य आहे, आणि त्याची लाज न बाळगता एकमेकांना सामावून घेणं हे एक नातं. स्मॉल यांच्या यादीत ते नाही.

आता प्रश्न: माझ्या मंगळवारने सिद्धांत मोडला का? इथेच पुष्कळ विद्यार्थी घाई करतात. एक अनुभव मिळाला की "अमुक लेखक चूक" असं लिहून मोकळे होतात. आधी दोन तपासण्या करायला हव्यात.

पहिली तपासणी: आपलं उदाहरण अपवाद तर नाही ना? सिम्फनीच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. शूबर्टने आपली पाचवी सिम्फनी १८१६ साली, एकोणिसाव्या वर्षी लिहिली. ती पहिल्यांदा वाजली व्हिएन्नात, ओटो हाटविग यांच्या घरी. घरातल्या चौकडीतून वाढत गेलेला तो हौशी वाद्यवृंद होता आणि शूबर्ट स्वतः त्यात व्हायोला वाजवत असे. अनोळखी श्रोत्यांनी भरलेलं सभागृह या रचनेच्या जन्माच्या वेळी नव्हतंच. आपल्या काळाजवळचा पुरावा हवा असेल तर रूथ फिनेगन यांचं 'द हिडन म्युझिशियन्स' (१९८९) वाचा. मिल्टन कीन्स या एका इंग्लिश शहरातले हौशी वादक-गायक त्यांनी बारकाईने अभ्यासले. शास्त्रीय वाद्यवृंदांपासून ब्रास बँड आणि रॉकपर्यंत किती माणसं पदरमोड करून संगीत चालू ठेवतात, आणि ती सहसा कोणाच्या नजरेत कशी येत नाहीत, हे त्यांनी दाखवलं.

दुसरी तपासणी जास्त अवघड: आपल्या खुर्चीवरून काय दिसत नाही? वादकाच्या समोर फक्त त्याच्या वाद्याचे सूर छापलेला कागद असतो, अख्खी सिम्फनी नसते. एका तालमीला हात दुखावला म्हणून मी मागे नुसती बसून होते. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की अलेग्रेट्टो एका कुजबुजीपासून किती हळूहळू, केवढा मोठा होत जातो. इतके आठवडे मी त्याच्या आत होते आणि मला त्याचा आकारच माहीत नव्हता. तो श्रोत्याच्या खुर्चीतून दिसतो.

शिवाय स्मॉल यांचा एक मुद्दा आमच्यातही शंभर टक्के खरा निघाला. या भागाच्या वेगावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. निम्म्यांना तो संथ हवा होता. तो मिटला कसा? बेटोव्हनने १८१७ साली जाहीर केलेला आकडा, मिनिटाला ७६ ठोके, कोणीतरी काढून दाखवला आणि सगळे गप्प झाले. वारलेल्या रचनाकाराची हुकमत आम्ही बिनपगारी, आपखुशीने मानतो. एक सूर बदलूया असं आजवर कोणी सुचवलेलं नाही.

म्हणून माझी टीका अशी उरते: स्मॉल यांनी व्यावसायिक सभागृहातल्या नात्यांचं केलेलं वर्णन टिकतं, पण त्या नात्यांतला काही भाग सभागृहाचा आणि पगाराचा आहे, सिम्फनीचा नाही. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची व्याख्या तालमीला आणि रियाजाला कवेत घेते. पुस्तकाचा गाभा मात्र मैफलीच्या रात्रीभोवती फिरतो. व्याख्या रुंद, पुरावा अरुंद. बोट ठेवायचं ते या फटीवर.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी एवढंच घ्या. सिद्धांताची व्याख्या आणि त्याचा पुरावा शेजारीशेजारी लिहून काढा. व्याख्येत बसणारी पण पुराव्यात न आलेली एखादी जागा शोधा. ती जागा तुम्हाला आतून माहीत असेल तर उत्तमच, पण मग तुमच्या कागदावर कोणाचे सूर छापलेले नाहीत तेही त्याच परिच्छेदात लिहा. गाईडने विचारण्याआधी.